नोंदवहीपासून ऑनलाइन विश्लेषणापर्यंत: शेतीप्रयोगाची आकडेवारी कशी मांडावी

कृषी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रयोगाचे काम शेतात संपते तेव्हा त्याच्या हाती एक मळकी नोंदवही, प्रयोगशाळेतील काही सुटे कागद आणि मोबाइलमध्ये काढलेली नोंदींची छायाचित्रे असतात. त्यानंतर विश्लेषण करायचे असते. पूर्वी ते विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागात बसून गणकयंत्रावर होई. आता राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांतील विद्यार्थी सर्रास ऑनलाइन साधनांकडे वळतात. ही साधने विनामूल्य आहेत आणि काही सेकंदांत निकाल देतात. मात्र त्यांच्यात आपण जे भरतो ते बरोबर आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. आकडे चुकीच्या पद्धतीने मांडलेले असले तरी बहुतेक वेळा निकाल येतोच, तो नीटनेटक्या तक्त्यात येतो, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

मी हे काम स्वतःच्या प्रबंधासाठी केले आहे आणि नंतर अनेक कनिष्ठ सहकाऱ्यांच्या फाइली तपासल्या आहेत. अडचणी जवळजवळ नेहमी त्याच असतात. त्या टाळता याव्यात म्हणून फाइल तयार करण्याची रीत येथे क्रमाने देत आहे. समजायला सोपे जावे म्हणून संपूर्ण लेखात एकच उदाहरण धरले आहे: सोयाबीनमधील तणनियंत्रणाचा प्रयोग, ८ ट्रीटमेंट (तपासायचे वेगवेगळे उपाय), ३ रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंटची पुनरावृत्ती), रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन म्हणजे आरबीडी (प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये सर्व ट्रीटमेंट यादृच्छिक क्रमाने मांडण्याची रचना), एकूण २४ प्लॉट.

सुरुवात करण्याआधी जवळ काय असावे

पुढील गोष्टी टेबलावर घेऊनच बसावे. मधूनच उठून शोधाशोध केली की नोंदी उतरवताना ओळी चुकतात.

- मार्गदर्शकांनी मान्य केलेला प्रयोगाचा नकाशा, ज्यात प्रत्येक प्लॉटवर कोणती ट्रीटमेंट आली हे लिहिलेले आहे
- शेतातील मूळ नोंदवही आणि प्रयोगशाळेतील नोंदी
- ट्रीटमेंटचे संकेत आणि त्यांचा पूर्ण तपशील असलेली यादी
- ग्रॉस प्लॉट (पेरलेला पूर्ण प्लॉट) आणि नेट प्लॉट (कडेच्या ओळी सोडून उत्पादन मोजायचा भाग) यांची मापे
- मान्य सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, कारण कोणत्या नोंदींचे विश्लेषण करायचे हे त्यात ठरलेले असते
- एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क असलेला संगणक, आणि नोटपॅडसारखा साधा मजकूर संपादक

नकाशा सर्वांत महत्त्वाचा आहे. नोंदवहीत प्लॉट क्रमांकानुसार नोंदी असतात, तर विश्लेषणाला ट्रीटमेंटनुसार नोंदी हव्या असतात. या दोहोंना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे तो नकाशा. तो हाताशी नसताना आठवणीवर विसंबून एकही आकडा भरू नये.

१. साधन निवडा आणि त्याला आकडे कशा स्वरूपात हवेत ते आधी पाहा

आपल्याकडे तीन साधने विशेष वापरात आहेत. हिसार येथील चौधरी चरण सिंह हरियाणा कृषी विद्यापीठाचे ऑपस्टॅट, गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेचे वास्प, आणि केरळ कृषी विद्यापीठाचे ग्रेप्स. ऑपस्टॅट आणि वास्पमध्ये ट्रीटमेंट व रेप्लिकेशनची संख्या सांगून आकडे एका चौकटीत चिकटवायचे असतात. ग्रेप्समध्ये सीएसव्ही स्वरूपातील, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल चढवायची असते आणि मग कोणता स्तंभ ट्रीटमेंटचा, कोणता रेप्लिकेशनचा आणि कोणत्या स्तंभाचे विश्लेषण करायचे हे निवडायचे असते.

हा फरक लहान दिसतो, पण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. चिकटवण्याच्या पद्धतीत साधन प्रत्येक आकड्याची ओळख त्याच्या जागेवरून पटवते. एक आकडा गळला की त्यानंतरचे सगळे आकडे एकेक जागा सरकतात आणि टी४ चे, म्हणजे चौथ्या ट्रीटमेंटचे, उत्पादन टी५ च्या नावावर जमा होऊ शकते. फाइलच्या पद्धतीत मात्र प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे ओळींचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे की अंतिमतः कोणतेही साधन वापरायचे असले तरी मूळ फाइल नेहमी दुसऱ्या प्रकारची ठेवावी, आणि चिकटवण्यासाठी लागणारा तक्ता तिच्यापासून तयार करून घ्यावा.

प्रत्येक साधनावर नमुन्याचा तक्ता किंवा नमुना फाइल दिलेली असते. ओळींत ट्रीटमेंट आणि स्तंभांत रेप्लिकेशन हवे की उलट, हे तिथेच पाहून घ्यावे. वरच्या वर्गातील कोणी सांगितले म्हणून गृहीत धरू नये.

२. निकालात काय दिसायला हवे ते आधी कागदावर लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते फाइल बरोबर आहे की नाही हे ओळखण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे प्रत्येक तुलनेमागील स्वतंत्र माहितीची संख्या, ज्याला आपण बोलताना डीएफ म्हणतो, ते केवळ प्रयोगाच्या रचनेवर ठरतात. आकडे काय आले याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे ते विश्लेषणाआधीच मांडता येतात.

आपल्या उदाहरणात २४ प्लॉट आहेत, म्हणून एकूण डीएफ २३. रेप्लिकेशन ३, म्हणून त्यांचे २. ट्रीटमेंट ८, म्हणून त्यांचे ७. उरलेले १४ एररचे, म्हणजे ट्रीटमेंट किंवा रेप्लिकेशन यांमुळे न आलेल्या फरकाचे. हेच ७ आणि २ यांच्या गुणाकारानेही येते. हे चार आकडे कागदावर लिहून संगणकाशेजारी ठेवावेत. साधनाने दिलेल्या तक्त्यात यांपैकी एकही आकडा वेगळा आला, तर पुढचे एफ मूल्य (ट्रीटमेंटमधील फरक सार्थ आहे का ते ठरवणारे), क्रिटिकल डिफरन्स (दोन सरासरींतील फरक सार्थ ठरायला लागणारे किमान अंतर) किंवा अक्षरगट (सारख्या ठरलेल्या ट्रीटमेंटना दिलेली समान अक्षरे) यांकडे पाहूही नये, आधी फाइल उघडावी. चुकलेला डीएफ चूक कुठे आहे हेही बहुधा सांगून जातो, आणि ते पुढे योग्य ठिकाणी येईलच.

३. एक ओळ म्हणजे एक प्लॉट

मूळ फाइलचा नियम एवढाच आहे. शेतात २४ प्लॉट असतील तर फाइलमध्ये शीर्षकाची एक ओळ आणि तिच्याखाली २४ ओळी, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. पहिल्या तीन स्तंभांत प्लॉट क्रमांक, रेप्लिकेशन आणि ट्रीटमेंट. त्यापुढे एकेका नोंदीसाठी एकेक स्तंभ: झाडाची उंची, फांद्या, शेंगांची संख्या, तणांची संख्या, तणांचे वाळलेले वजन, धान्य उत्पादन, आणि असेच पुढे.

नोंदवहीतील तक्ता सहसा असा नसतो. तिथे डावीकडे ट्रीटमेंटची नावे असतात, वर रेप्लिकेशन एक, दोन, तीन असे स्तंभ असतात, उजव्या टोकाला बेरीज आणि सरासरी असते, तळाशी पुन्हा एक बेरजेची ओळ असते आणि सर्वांत वर एकत्र केलेल्या चौकटींत प्रयोगाचे नाव असते. वाचायला हा तक्ता उत्तम आहे, पण साधनासाठी त्यातील निम्म्या गोष्टी अडथळा ठरतात. बेरजेची ओळ फाइलमध्ये राहिली तर साधन तिलाही एक ट्रीटमेंट समजते, आणि ट्रीटमेंटचे डीएफ ७ ऐवजी ८ दिसू लागतात. एकत्र केलेल्या चौकटी सोडवल्या की फक्त पहिल्या चौकटीत नाव उरते आणि बाकीच्या रिकाम्या होतात, म्हणून प्रत्येक ओळीत रेप्लिकेशनचा आणि ट्रीटमेंटचा संकेत पुन्हा लिहावाच लागतो. पुनरावृत्ती डोळ्यांना खटकते, पण ती आवश्यक आहे.

उतरवताना प्लॉट क्रमांकाच्या क्रमाने उतरवावे. नोंदवही त्याच क्रमात असल्याने डोळा सरळ खाली सरकत जातो आणि गळती लगेच ध्यानात येते. ट्रीटमेंटनुसार क्रम हवा असेल तर नंतर सॉर्ट करावे, आणि तेव्हा संपूर्ण तक्ता निवडूनच करावे. एकच स्तंभ निवडून सॉर्ट केल्यास एक्सेल निवड वाढवायची का असे विचारते. घाईत नकार दिला तर फक्त तो स्तंभ हलतो, बाकीचे जागेवर राहतात, आणि सगळे आकडे दुसऱ्याच प्लॉटचे होऊन बसतात. ही चूक नंतर डीएफवरूनही पकडता येत नाही, कारण ओळींची संख्या तेवढीच राहते. सॉर्ट करण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवणे हाच तिच्यावरचा उपाय आहे.

४. पाच झाडांच्या नोंदींचे काय करावे

येथे थोडे थांबून वाचावे अशी विनंती आहे, कारण प्रबंधांतील सर्वांत गंभीर आणि सर्वांत सहज सुटून जाणारी चूक याच ठिकाणी होते.

उंची, फांद्या, शेंगा यांसाठी आपण प्रत्येक प्लॉटमध्ये सहसा पाच झाडांना खुणा करतो आणि त्यांच्यावरच नोंदी घेतो. २४ प्लॉटमध्ये मिळून १२० झाडे होतात. नोंदवहीत १२० आकडे असताना फक्त २४ का भरायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तणनाशक फवारले गेले ते प्लॉटवर, एकेका झाडावर स्वतंत्रपणे नव्हे. एकाच प्लॉटमधील पाच झाडांना तीच माती, तोच ओलावा आणि तीच फवारणी मिळालेली असते, त्यामुळे ती एकमेकांशी मिळतीजुळती असणारच. त्यांच्यातील फरक म्हणजे प्लॉटप्लॉटमधील फरक नव्हे, आणि ट्रीटमेंटची तुलना प्लॉटप्लॉटमधील फरकाशीच करायची असते.

१२० ओळी भरल्या तर एकूण डीएफ ११९ होतात, आणि एररचे डीएफ १४ वरून थेट ११० वर जातात. क्रिटिकल डिफरन्स लहान होतो, आणि ज्या ट्रीटमेंटमध्ये शेतात काहीही वेगळेपण दिसले नव्हते त्याही एकमेकींपेक्षा सरस ठरू लागतात. असा निकाल पाहून आनंद होतो, पण तो प्रयोगाने दिलेला नसतो. म्हणून प्रत्येक प्लॉटमधील पाच झाडांची सरासरी काढावी आणि फाइलमध्ये ती एकच संख्या लिहावी. मूळ १२० आकडे वेगळ्या शीटमध्ये जपून ठेवावेत. मौखिक परीक्षेत ते मागितले जाऊ शकतात.

सरासरी काढताना एखादे खुणेचे झाड मेलेले असेल तर उरलेल्या चार झाडांचीच सरासरी घ्यावी. मेलेल्या झाडाची उंची शून्य लिहून पाचाने भागू नये.

५. संकेत आणि शीर्षके

या लेखात अंक आणि संकेत देवनागरीत आहेत, पण फाइलमध्ये ते रोमन लिपीत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावेत. संगणकावर मराठी कळफलक चालू राहिला आणि उत्पादनाच्या स्तंभात देवनागरी अंक पडले, तर आपल्याला ती संख्या दिसते, परंतु या साधनांच्या दृष्टीने तो मजकूर असतो. विद्यापीठाच्या मराठी नोंदवहीतून थेट उतरवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

शीर्षके लहान असावीत, त्यांत मोकळी जागा, टक्क्याचे चिन्ह, कंस किंवा तिरकी रेघ नसावी. एकके शीर्षकात कोंबण्याऐवजी वेगळ्या शीटवर एक सूची करावी, जिच्यात प्रत्येक शीर्षकाचा पूर्ण अर्थ, एकक आणि नोंद घेतल्याची अवस्था, जसे पेरणीनंतर ३० दिवस, लिहिलेली असेल. सहा महिन्यांनी प्रबंध लिहिताना हीच सूची उपयोगी पडते.

ट्रीटमेंटचे संकेत अक्षराने सुरू करावेत, नुसते १, २, ३ असे लिहू नयेत. आर या संगणकभाषेत नुसते अंक दिले आणि ते वर्गांची नावे आहेत असे सांगितले नाही, तर ते मोजमाप समजले जाते आणि ८ ट्रीटमेंटमधील फरक शोधण्याऐवजी एक सरळ रेषा बसवली जाते. ट्रीटमेंटचे डीएफ ७ ऐवजी १ आणि एररचे २० दिसले तर हेच घडले आहे असे समजावे. ट्रीटमेंट दहा किंवा अधिक असतील तर टी०१, टी०२ असे दोन अंकी संकेत वापरावेत, नाहीतर निकालात टी१ नंतर टी१० आणि मग टी२ असा क्रम लागतो.

लहान आणि मोठे अक्षर यांत अनेक साधने फरक करतात. त्याहून त्रासदायक म्हणजे संकेतानंतर चुकून पडलेली मोकळी जागा. ती डोळ्यांना दिसतच नाही. पण एका ओळीत टी३ पुढे अशी जागा असेल तर साधनाला नववी ट्रीटमेंट सापडते, ट्रीटमेंटचे डीएफ ८ आणि एररचे १३ होतात. एक्सेलमधील ट्रिम हे सूत्र संकेतांच्या स्तंभावर एकदा चालवले की हा प्रश्न मिटतो.

प्रयोग फॅक्टोरियल असेल, म्हणजे दोन किंवा अधिक घटक एकत्र तपासले असतील, तर प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र स्तंभ ठेवावा. वाण आणि खतमात्रा यांचा एकत्रित संकेत करून एकाच स्तंभात लिहिले की त्यांची आंतरक्रिया वेगळी काढता येत नाही. स्प्लिट प्लॉटमध्येही, म्हणजे मोठ्या प्लॉटचे उपप्लॉट पाडलेल्या रचनेतही, मुख्य प्लॉट आणि उपप्लॉट यांचे स्तंभ वेगळे हवेत, आणि साधनात रचना निवडताना आरबीडी नव्हे, स्प्लिट प्लॉटच निवडली आहे हे पाहावे, कारण तिथे दोन वेगळे एरर असतात.

६. संख्या खरोखर संख्याच आहेत याची खात्री

एक्सेलमध्ये काहीही रचना न बदललेल्या चौकटीत संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे टेकतो. स्तंभावरून नजर फिरवताना एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला तर तो मजकूर आहे. नेमकी तपासणी करायची तर त्या स्तंभावर काउंट आणि काउंटए ही दोन्ही सूत्रे चालवावीत. पहिले फक्त संख्या मोजते, दुसरे रिकाम्या नसलेल्या सर्व चौकटी मोजते. दोन्हींचे उत्तर सारखे यायला हवे. नसेल, तर जितका फरक तितक्या चौकटींत मजकूर आहे.

मजकूर शिरण्याची कारणे ठरलेली आहेत. दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम पडणे, संख्येसोबत किलो किंवा सेंमी लिहिणे, शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर टंकित होणे, आणि तारांकित चिन्ह देऊन तळटीप जोडणे. हजाराच्या जागी टाकलेला स्वल्पविराम तर सीएसव्हीमध्ये दुहेरी त्रास देतो, कारण त्या स्वरूपात स्वल्पविराम हाच स्तंभांमधील विभाजक असतो.

एक्सेल आपणहून काही गोष्टी बदलते, तेही ध्यानात असू द्यावे. प्लॉट क्रमांक १-२ असा लिहिला की त्याची तारीख होते. हे इतके सर्वत्र घडते की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने, एक्सेलमध्ये तारखा होणाऱ्या काही जनुकांची संकेतनामेच बदलली आणि २०२० मध्ये तसे जाहीर केले. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही. प्लॉट क्रमांक १०१, १०२, २०१ असे तीन अंकी ठेवले, ज्यातील पहिला अंक रेप्लिकेशन दाखवतो, की पुरे.

७. रिकामी जागा, शून्य आणि गमावलेला प्लॉट

या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तणमुक्त ठेवलेल्या ट्रीटमेंटमध्ये तणांची संख्या शून्य असते. ते मोजून मिळालेले शून्य आहे, ते शून्य म्हणूनच लिहावे. एखादा प्लॉट जनावरांनी खाल्ला, पाणी साचून गेला किंवा मळणीत त्याची पोती मिसळली, तर उत्पादन शून्य झाले असे नाही, ते आपल्याला मिळाले नाही; तिथे चौकट रिकामी ठेवावी किंवा साधनाने सांगितलेला संकेत लिहावा. मात्र प्लॉटमधील पीक ट्रीटमेंटमुळेच गेले असेल, उदाहरणार्थ तणनाशकाच्या मात्रेने रोपे जळली असतील, तर ते शून्य खरे आहे आणि ते लपवू नये. हा निर्णय शेतातील निरीक्षणावरून घ्यायचा असतो, संगणकासमोर बसून नव्हे, म्हणून नोंदवहीत कारण त्याच दिवशी लिहून ठेवावे.

आडवी रेघ, लागू नाही, प्रश्नचिन्ह अशा खुणा कधीही टाकू नयेत. एका रेघेमुळे संपूर्ण स्तंभ मजकूर ठरू शकतो.

चिकटवण्याच्या साधनांत रिकामी चौकट चालत नसेल, तर आरबीडीतील एका गमावलेल्या प्लॉटसाठी सांख्यिकीतज्ज्ञ येट्स यांच्या पद्धतीने किंमत काढता येते. ज्या ट्रीटमेंटचा प्लॉट गेला तिच्या उरलेल्या प्लॉटच्या बेरजेला ट्रीटमेंटच्या संख्येने गुणावे, ज्या रेप्लिकेशनमधील प्लॉट गेला त्याच्या उरलेल्या प्लॉटच्या बेरजेला रेप्लिकेशनच्या संख्येने गुणावे, दोहोंच्या बेरजेतून उपलब्ध सर्व प्लॉटची बेरीज वजा करावी, आणि आलेल्या संख्येला एकने कमी केलेली ट्रीटमेंटसंख्या व एकने कमी केलेली रेप्लिकेशनसंख्या यांच्या गुणाकाराने, आपल्या उदाहरणात १४ ने, भागावे. अशी किंमत भरल्यावर एररचे आणि एकूण डीएफ एकाने कमी धरावे लागतात, म्हणजे १३ आणि २२. साधनाला मात्र तो आकडा काढलेला आहे हे कळणार नाही. ते १४ आणि २३ च दाखवेल. त्यामुळे सांख्यिकी विभागातील प्राध्यापकांना विचारूनच पुढे जावे, आणि प्रबंधात तसा उल्लेख करावा.

८. आधी एकके, मग ट्रान्सफॉर्मेशन (आकड्यांचे रूपांतर)

नेट प्लॉटचे उत्पादन हेक्टरी काढताना ग्रॉस प्लॉटचे माप वापरले जाणे ही नेहमीची चूक आहे. समजा ४५ सेंमी अंतरावर १० ओळी आहेत, दोन्ही बाजूंची एकेक ओळ सोडली आणि लांबी ४.५ मीटर धरली. तर नेट प्लॉट ३.६ गुणिले ४.५, म्हणजे १६.२ चौरस मीटर. त्यातून ४.०५ किलो धान्य मिळाले तर दर चौरस मीटरला ०.२५ किलो, म्हणजे हेक्टरी २५०० किलो. एक प्लॉट असा हाताने सोडवून मगच सूत्र खाली ओढावे. सर्व प्लॉटचे धान्य एकाच ओलाव्यावर आणलेले असावे.

तणांची मोजणी अर्धा मीटर बाजूच्या चौकटीत केली असेल तर ती चारने गुणून चौरस मीटरवर आणावी, आणि त्यानंतरच वर्गमूळ घ्यावे. तणसंख्येत शून्ये असतात, म्हणून ०.५ मिळवून वर्गमूळ घेण्याची पद्धत आहे. आधी वर्गमूळ घेऊन मग चारने गुणले तर उत्तर वेगळेच येते.

मोजणीतून आलेल्या टक्केवारीसाठी, जसे उगवण किंवा कीडग्रस्त शेंगा, अँग्युलर ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे टक्केवारीचे कोनात रूपांतर, वापरतात. तेलाचे किंवा प्रथिनांचे प्रमाण टक्क्यांत लिहिले जाते म्हणून त्यालाही ते लावणे योग्य नाही, कारण ती टक्केवारी मोजणीतून आलेली नाही. सर्व मूल्ये ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर सहसा त्याची गरज भासत नाही. एक्सेलमध्ये सूत्र लिहिताना टक्केवारीला आधी १०० ने भागावे, तिचे वर्गमूळ घ्यावे, मग आर्कसाइन, आणि शेवटी अंशांत रूपांतर. सूत्र बरोबर आहे का ते ५० टक्क्यांवर तपासावे: उत्तर ४५ यायला हवे. ०.७८५ आले तर कोन रेडियनमध्ये राहिला आहे. शून्य आणि शंभर टक्क्यांसाठी, प्रत्येक प्लॉटमधून ५० बिया तपासल्या असतील तर, अनुक्रमे ०.५ आणि ९९.५ धरण्याची रीत आहे. बियांची संख्या बदलली की या किंमतीही बदलतात.

मूळ स्तंभ कधीही पुसू नये. रूपांतरित मूल्यांसाठी वेगळा स्तंभ करावा, कारण प्रबंधाच्या तक्त्यात मूळ सरासरी आणि रूपांतरित सरासरी दोन्ही द्याव्या लागतात.

९. सीएसव्ही फाइल तयार करणे

एक्सेलमधून सीएसव्ही करताना फक्त उघडी असलेली शीट जतन होते, आणि संख्या जशा दिसतात तशाच जतन होतात. उत्पादन २४८७.६४ असेल पण चौकटीची रचना दशांश न दाखवण्याची असेल, तर फाइलमध्ये २४८८ च जाते. वर्गमुळांच्या स्तंभात ही हानी मोठी असते. म्हणून आधी पुरेसे दशांश दिसतील अशी रचना करावी, सूत्रांच्या जागी पेस्ट स्पेशलमधून केवळ मूल्ये ठेवावीत आणि मगच जतन करावे. फाइलमध्ये कुठे मराठी मजकूर असेल तर यूटीएफ-८ लिहिलेला सीएसव्हीचा पर्याय निवडावा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

तयार फाइल एक्सेलमध्ये पुन्हा उघडून तपासू नये, कारण उघडताना तारखांचे रूपांतर पुन्हा होऊ शकते; ती नोटपॅडमध्ये उघडावी. प्रत्येक ओळीत स्वल्पविरामांची संख्या सारखी आहे का, आणि शेवटी नुसत्या स्वल्पविरामांच्या रिकाम्या ओळी राहिल्या आहेत का, ते तिथे स्पष्ट दिसते.

१०. अपलोड आणि पडताळणी

अपलोड करण्याआधी पिव्होट टेबल (एक्सेलचा सारांश तक्ता) करून ओळींत ट्रीटमेंट, स्तंभांत रेप्लिकेशन आणि मध्ये नोंदींची संख्या मांडावी. २४ चौकटींपैकी प्रत्येकीत १ दिसला पाहिजे. कुठे २ आणि कुठे रिकामे दिसले तर एखाद्या प्लॉटचा संकेत चुकलेला आहे, आणि नकाशाकडे परत जावे. प्रत्येक स्तंभाचे किमान आणि कमाल मूल्यही पाहावे. सोयाबीनची उंची ५२१ सेंमी असेल तर दशांश चिन्ह गळले आहे.

प्रयोग शेतकऱ्यांच्या शेतावर घेतलेला असेल तर फाइलमध्ये त्यांची नावे, गट क्रमांक किंवा दूरध्वनी ठेवू नयेत. विश्लेषणाला त्यांची गरज नसते, आणि फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जात असते.

साधन पहिल्यांदाच वापरत असाल तर आधी अभ्यासक्रमातील एखादे सोडवलेले आरबीडीचे उदाहरण त्यात भरून पुस्तकातील उत्तर येते का ते पाहावे. ते आले की आपली फाइल चढवावी आणि सर्वप्रथम दुसऱ्या पायरीत लिहिलेल्या कागदाशी डीएफ ताडून पाहावेत. त्यानंतर कोणत्याही एका ट्रीटमेंटची सरासरी गणकयंत्रावर काढून निकालातील सरासरीशी जुळवावी. दोन्ही जुळल्यावर एफ मूल्य पाहावे. ट्रीटमेंटचा परिणाम सार्थ नसेल तर क्रिटिकल डिफरन्सच्या जागी एनएस (नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे सार्थ नाही) लिहावे, आणि साधनाने तरीही तो आकडा दिला असेल तर त्यावरून ट्रीटमेंटची तुलना करू नये.

निकालाचे पान जतन करताना त्याच फोल्डरमध्ये चढवलेली सीएसव्ही फाइल, साधनाचे नाव, विश्लेषणाची तारीख आणि निवडलेली रचना लिहिलेला छोटा मजकूर ठेवावा. समितीने एखाद्या प्लॉटचा आकडा दुरुस्त करायला सांगितला तर फक्त मूळ एक्सेल फाइलमध्ये दुरुस्ती करावी, तिच्यापासून नवी सीएसव्ही काढावी, आणि त्या स्तंभाचे विश्लेषण पुन्हा सुरुवातीपासून करावे. त्या आकड्यावर हेक्टरी उत्पादन, हार्वेस्ट इंडेक्स (पिकाच्या एकूण वजनातील धान्याचा वाटा) किंवा नफा-खर्च गुणोत्तर अवलंबून असेल तर त्या स्तंभांचेही.